पाच लाखांचं लोन काढून युरोप, की त्याच सुट्टीत तंजावर आणि चेट्टिनाड?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चिंचवडला राहता, दोघंही नोकरीला, मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत. डिसेंबरच्या सुट्टीत चौघांची आठ दिवसांची, पाच देशांची युरोप टूर, ८ लाख रुपये, त्यातले ३ लाख साठलेत आणि उरलेल्या ५ लाखांचं पर्सनल लोन तीन वर्षांसाठी १३ टक्क्यांनी. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा तमिळनाडूतलं तंजावर आणि चेट्टिनाड करू, लाखाच्या आत होतं आणि मुलगी मोडी शिकतेय तिलाही आवडेल. कोणाचं बरोबर, असं विचारलंत.

ठिकाण मिस्टरांचं बरोबर. आकडे मात्र दोघांचेही चुकलेत.

लोनचा हप्ता येतो १६,८५० च्या आसपास आणि तीन वर्षांत नुसतं व्याज १ लाख ६ हजार. वर ते ८ लाख म्हणजे शेवटचा आकडा नाहीच, शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, मुलगा बाराच्या वर असल्यामुळे त्यालाही पूर्ण, व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही, शिवाय पॅकेजवर टीसीएस (टूरवाला आगाऊ गोळा करतो तो टॅक्स) लावतात, तो रिटर्न भरताना मिळतो खरा पण तोवर तुमच्याच खिशातून गेलेला असतो. आणि एवढं करून तुम्हीच लिहिलंय की "गर्दी नको, काहीतरी संस्कृती बघायचीय". अहो, आठ दिवसांत पाच देश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये! व्हेनिसला तर इतकी गर्दी होते की २०२४ पासून सीझनच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना एंट्री फी लावलीय, आणि पॅकेजवाले बहुतेक तसेच दिवसापुरते.

आता तंजावर. बृहदीश्वराचं मोठं देऊळ काही निवांत नाही, तिथे गर्दी असतेच, पण त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ मधला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे तो बघायला फार कोणी थांबत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत, हाताळायला मिळणार नाहीत पण म्युझियममध्ये जे मांडलंय तेवढंही मुलीला पुरेल. तिथून कुंभकोणमजवळ दारासुरमचं देऊळ, तेही चोळांचंच आणि युनेस्कोच्या यादीतलं, पण कितीतरी शांत. मग चेट्टिनाडला अत्तंगुडी गावची फरशी कशी करतात ते नक्की बघा: काचेच्या तुकड्यावर नक्षीचा धातूचा साचा ठेवतात, त्याच्या खणांत पळीने रंगीत सिमेंट ओततात, साचा उचलतात, वर कोरडं सिमेंट-वाळू आणि मग ओला माल थापतात, आणि पाण्यात मुरवल्यावर काच सुटते तेव्हा फरशी पॉलिश न करताच चकचकीत. मुलगा तासभर हलणार नाही तिथून.

पण मिस्टरांना सांगा, लाखात होणार नाही. आडवाटेला तिकीट स्वस्त पडतं आणि वेळ महाग पडतो. तिकडची बरीच देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात, म्हणजे दिवसाला एक-दोनच ठिकाणं होतात आणि मुक्काम वाढतात, आणि चेट्टिनाडच्या गावांना गाडी केल्याशिवाय फिरता येत नाही. मी असं धरतो: जाताना रेल्वे, येताना विमान मिळून ४५ हजार, सात रात्री दोन खोल्या ५० हजार, चेट्टियार व्यापाऱ्यांच्या जुन्या वाड्याचं हॉटेल फक्त एक रात्र २० हजार (दुसरी रात्र नको, हौस एका रात्रीत भागते), ड्रायव्हरसकट गाडी २५ हजार, जेवणखाण, तिकिटं, खरेदी ३५ हजार. झाले पावणेदोन लाख. तुम्हा दोघांपैकी कोणाला एलटीए (पगारातला प्रवासभत्ता) असेल आणि जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर प्रवासभाड्यापुरती सूट मिळते, हॉटेलवर नाही. युरोपला तीही नाही.

तारीख डिसेंबरचा शेवटचा आठवडाच ठेवा. दिवाळीत नको, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, शेवटच्या आठवड्यापर्यंत तो ओसरत आलेला असतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नाताळची गर्दी असते म्हणून त्याच दिवशी सकाळी बसा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. ते ३ लाख सोडले तर तुमच्याकडे सेव्हिंगला ८० हजार आहेत आणि घरहप्त्यासकट महिन्याचा खर्च ७५ हजार. म्हणजे युरोपला गेलात तर परत आल्यावर हातात महिनाभराचे पैसे आणि डोक्यावर नवा हप्ता, आणि दीड वर्षात मुलीची कॉलेजची फी. तंजावर करून ३ लाखांतले सव्वा लाख उरतात, ते त्या ८० हजारांत टाका, तरी पावणेतीन महिन्यांचीच सोय होते, ती सहा महिन्यांपर्यंत न्यायचीय.

युरोप कायमचं सोडा असं मी म्हणत नाही. हप्ता १६,८५० झेपणार होता ना, मग तोच दर महिन्याला बाजूला काढा. आधी ती सहा महिन्यांच्या खर्चाची सोय पूर्ण करा, मग आरडी. पूर्ण तीन वर्षं आरडीत टाकलेत तर साडेसहा टक्क्यांनी ६ लाख ६५ हजारांच्या पुढे जातात, व्याजावर टॅक्स वेगळा. मधे फी आली तर फी आधी, हे मुलांसमोरच बोलून ठेवा. आणि तेव्हा जाल तर एकच देश घ्या.

टूरवाल्याला बुकिंगचे २० हजार दिलेत म्हणता. आजच ईमेलवर कॅन्सलेशनचे नियम लेखी मागवा, फोनवर नको. समजा एक रुपयाही परत नाही मिळाला तरी कॅन्सल करा, ते २० हजार वाचवायला १ लाख ६ हजार व्याज भरण्यात काही अर्थ नाही.