ग्रीस-रोमचा प्राचीन इतिहास विद्यापीठात शिकावा का? घरचे म्हणतात, "परक्यांचा इतिहास शिकून काय करणार?"

"परक्यांचा इतिहास" हे शब्द वाचले आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुमचा प्रश्न असा की बारावीपर्यंत संस्कृत झालंय, ग्रीक-लॅटिनचा गंध नाही, तरी परदेशात हा विषय मिळेल का आणि त्याचा उपयोग काय. मिळतो. ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांत या भाषा पहिल्या वर्षी मुळापासून शिकवतात. ऑक्सफर्डमध्येही शाळेत त्या न शिकलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. ज्यानं आत्मनेपद आणि द्विवचन घोकलंय, त्यानं ग्रीक व्याकरणाला घाबरू नये. बाकीची मुलं पाच विभक्तींशी झगडत असतात, आपण आठ करून गेलेलो असतो.

उपयोगाचं मात्र सविस्तर सांगते.

मी कल्याणची. लंडनला प्रवेश मिळाला तेव्हा थोरल्या काकांनी भर गणपतीत, सगळ्या गोतावळ्यासमोर विचारलं, "शिवाजी महाराज सोडून सीझर शिकायला निघालीस?" काका इतिहासाचे शिक्षक, घरात त्यांचा शब्द शेवटचा. आईसुद्धा गप्प बसली. मला ते लागलं, आजही लागतं.

दुसऱ्या वर्षी व्यापारावरच्या सेमिनारला 'पेरिप्लस' लावला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेली ही बंदरांची माहिती: कुठे कोणता माल खपतो, कुठला किनारा धोक्याचा, कुठल्या राजाला काय नजराणा द्यावा लागतो. पैठणहून गाड्या भरभरून मौल्यवान दगड भडोचला जातात, तेरहून कापड जातं. मग किनाऱ्यानं खाली सोपारा, कल्लिएना, चौल. कल्लिएना म्हणजे आमचं कल्याण. इथे पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पण संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यापासून अडवणूक होते, चुकून कुणी ग्रीक जहाज आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात, असं त्यात लिहिलंय. हा संदनेस सातवाहनांपैकी की त्यांच्या शत्रूंपैकी, यावर अभ्यासक अजून भांडतात. मी कल्याणच्या शाळेत शिकले, पण तिथे हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आणि शिकवणारे सर म्हणाले, हा भाग आपल्या विषयाच्या काठावरचा आहे, पुढे जाऊ. मी हात वर केला. रोममध्ये बसलेला लेखक प्लिनी लिहितो की दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, भारताकडे जातात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात देवळाच्या आवारात भारतीय रांजण निघाला, त्यात साडेसात किलोच्या आसपास मिरी होती. व्हिएन्नात एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा जुना दस्तऐवज, आहे, १९८५ साली प्रसिद्ध झालेला. त्याच्या एका बाजूला केरळच्या मुझिरिस बंदराशी व्यापारासाठी काढलेल्या कर्जाचा करार, दुसऱ्या बाजूला 'हर्मापोलोन' जहाजानं आणलेल्या मालाचा हिशेब. त्या मालावर चौथाई जकात होती. साम्राज्याच्या तिजोरीत एवढा पैसा टाकणारा व्यापार काठावरचा कसा? असं सगळं मी बोलले, आवाज चढवून बोलले. पुढे प्रबंधही मी त्याच पानांवर केला.

सुट्टीत आले तेव्हा काकांना कार्ल्याला नेलं. चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्यांची, नावं कोरली आहेत, अमक्या यवनानं दिलेला खांब, अशी. ब्राह्मी वाचून दाखवली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या लहानशा धातूच्या मूर्तीबद्दल सांगितलं. काका म्हणाले, "मग यासाठी लंडन कशाला? कार्ले लोणावळ्याजवळच आहे."

काका, हे वाचत असाल तर ऐका. कार्ल्याच्या खांबावर नाव आहे आणि दान आहे, बाकी काही नाही. जहाजासाठी कर्ज कोणत्या अटींवर मिळायचं, माल उतरल्यावर तो कुणाच्या मोहरेखाली ठेवायचा, जकात किती, हे ग्रीक कागदांत आहे. ते कागद वाचणारी आपली माणसं नसतील, तर आपल्या बंदरांचा इतिहास आपण कायम दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून लिहिणार. तुम्ही स्वतः मोडी वाचता. भाषांतरावर भागवणाऱ्यांबद्दल तुम्ही काय बोलता ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

तर प्रश्नकर्त्या मित्रा, घरच्यांना सांग की या विषयाचा निम्मा पुरावा आपल्या दारात पडलाय. नुसतं सीझर आणि क्लिओपात्रासाठी जाणार असशील तर जाऊ नकोस, तेवढं घरी बसूनही वाचता येतं.

पैशाचं आधीच सांगायला हवं होतं. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांची फी अफाट आहे. शिष्यवृत्ती नसेल तर घर गहाण ठेवून हा विषय घेऊ नये, यात काकांशी माझं एकमत आहे. अथेन्स विद्यापीठात चार वर्षांची इंग्रजी माध्यमाची पदवी आहे, ती बघ. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते. भारतात या विषयाच्या नोकऱ्या जवळजवळ नाहीत. पीएचडीपर्यंत जायचं तर जर्मन, फ्रेंच आणि इटालियनही वाचता यावं लागतं, आणि त्याला वर्षं जातात. संस्कृत सोडू नकोस, ब्राह्मी शिकून घे, आणि ग्रीक मुळाक्षरं प्रवेशाची वाट न बघता या सुट्टीतच गिरवायला घे.