मालकाच्या घरावर बँकेचा कागद लागला तर

भाऊ, भाड्याच्या घराच्या दारावर बँकेची नोटीस डकवलेली दिसली म्हणून लगेच सामान बांधू नको. आधी नीट वाच. सरफेसी कायद्यात (२००२; कर्ज थकलं की बँक गहाण घर ताब्यात घेते तो) मालकाला अगोदर ६० दिवसांची मागणी नोटीस जाते, ताब्याची त्यानंतर. ताब्याची असेल तर ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात भाडेकरूलाही अर्ज करता येतो. पण तिथं पहिले विचारतात, भाडेकरार गहाणाआधीचा की नंतरचा, आणि नोंदवलेला आहे का?

मी आर्वीत तोंडी बोलीवर राहत होतो. सोयाबीन विकलं की भाडं रोख, पावती एक नाही. हाती वीजबिल, तेही मालकाच्या नावाचं. काय सिद्ध करणार, कप्पाळ! तू भाडं फोनपेनं दे, 'जूनचं भाडं' असं लिहून. अन् अनामत आत्ताच मागायला लाग. लिलावानंतर मालक फोन उचलत नाही.