विहिरी मोजायच्या आहेत, खर्च कोण देईल?

प्रश्न : मी माण तालुक्यातली. भूशास्त्रात एम.एस्सी. झाले. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून गावातल्या विहिरींचं काय होतंय, यावर पीएच.डी. करायची आहे. घरून पैसे मिळणार नाहीत. फेलोशिपवर निभेल का?
– एक वाचक, दहिवडी

उत्तर : निभेल. मात्र पोटाचा पैसा आणि विहिरींचा पैसा, हे दोन हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेव.

पोटासाठी नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळव. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे, पुढे ४२,०००; घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या, वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत, तू कुठल्या गटात बसतेस ते बघ. जर्मनीची डाड ही संस्था विकसनशील देशांतल्या मुलांना पाण्याच्या अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती देते, पण त्या योजनेला दोन वर्षं नोकरीचा अनुभव लागतो.

विहिरींचा पैसा कुणी आपणहून देत नाही. माझ्या पहिल्या वर्षी फिरतीची रक्कम दिवाळीनंतर हातात पडली. तोवर पाऊस येऊन गेला होता आणि विहिरी उतरणीला लागल्या होत्या. तक्त्यातलं ते कोरं वर्ष मला आजही सलतं.

म्हणून मापं आजपासून घे, अर्ज मागाहून कर. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं. सेंटिमीटरचा हिशेब लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, पण त्यांची पातळी वर्षातून चारदाच घेतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणावरच्या मुरुमात एका जोरदार पावसानं पाणी चार दिवसांत चढतं आणि तेवढ्याच झपाट्यानं उतरूही शकतं. पाऊस थोड्या दिवसांत कोसळून मोकळा होऊ लागला, तर नेमकं हेच पाहायला हवं, आणि चार नोंदींत ते सापडत नाही. दहा विहिरींची दर आठवड्याची वही तुझ्याकडे असेल, तर मार्गदर्शकही ऐकतील आणि पैसे देणारेही.

प्रस्तावात पेट्रोल, फिती, मदतनिसाची मजुरी रुपयांत लिही. 'क्षेत्रभेटी' एवढंच लिहिलंस, तर कात्री तिथेच लागते.

विहीरमालकांना तोंडी विचार, आकडे त्यांनाही दाखवत जा. आणि मृगाच्या आधीचं माप चुकवू नकोस, वर्षाचा हिशेब त्यावरूनच सुरू होतो.