रामायण-महाभारत अभ्यास म्हणून पहिल्यांदा वाचताना काय वाटतं?

तुम्ही विचारलंय, गोष्टी लहानपणापासून माहीत असताना अभ्यासात नवं काय सापडतं. माझाही आधी हाच तोरा होता. मी बडोद्याचा. दांडिया बाजारातल्या घरात आजी चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ वाचायची. एम.ए.ला संस्कृत घेतलं तेव्हा वाटलं, हा पेपर तर घरचाच.

पहिल्याच आठवड्यात हबकलो. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, आमच्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिरानं 1960 ते 1975 मध्ये सात खंडांत काढलेली. वर श्लोक, खाली पाठभेदांचा, म्हणजे कुठल्या हस्तलिखितात कोणता वेगळा शब्द आहे त्याचा, बारीक टाइप. तो वाचायचा कसा हे कळायलाच महिना गेला. अरण्यकांडात लक्ष्मणरेषा शोधत बसलो. नाहीच! तिथे सापडलं ते सीतेचं बोलणं. राम मरावा असंच तुला वाटतं, माझ्यावर डोळा ठेवून मागे थांबलायस, असं ती दिराला सुनावते. ते सहन न होऊन लक्ष्मण निघून जातो. रेषेची गोष्ट त्यामानानं किती सोयीची! दोघांचीही लाज राखते.

महाभारतात तसंच. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकर. द्रौपदी बायकांसह हसली, हे पुढे दुर्योधनच बापाला सांगतो. तो तिखटमीठ लावतोय की आधी सांगणाऱ्यानं गाळलं, यावर आम्ही वर्गात तासभर भांडलो.

एक सांगू? आदिपर्वापासून सुरुवात करू नका. तिथे गोष्टीत गोष्ट: सौती हा कथेकरी शौनक ऋषींना सांगतो, व्यासशिष्य वैशंपायनानं अर्जुनाचा पणतू जनमेजयाला सांगितलेलं; पांडव यायच्या आत नवखा माणूस पुस्तक मिटतो. सभापर्व घ्या, मग मागे या. सरांना हे पटत नाही, ते सोडा.

रेषा नाही हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग रावण आत कसा नाही शिरला?”

“शिरला ना. सीतेनंच त्याला बसायला आसन दिलं, पाय धुवायला पाणी दिलं.”

आजी वाती वळत होती. म्हणाली, “देणारच की. दारात गोसावी आलाय म्हटल्यावर काय करील बिचारी?”