वजन बेताचं, गोड खात नाही, तरी उपाशीपोटी साखर कायम ११५–१२५. यामागे एखादं जनुक असू शकतं का?

असू शकतं. माझा पहिला संशय जीसीके जनुकावर. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत हे जनुक ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम बनवतं आणि तेच साखर मोजतं. रक्तातलं ग्लुकोज पेशीत शिरलं की ग्लुकोकायनेज त्याला फॉस्फेट जोडतं, त्यातून एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुड्या फुटतात. रक्तातली साखर साधारण ९० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या आसपास गेली की हे सुरू होतं.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तर हा काटा थोडा वर सरकतो. इन्सुलिन येतं, पण उशिरा जाग येते त्याला! म्हणून साखर जन्मापासून थोडी चढी, पण वर्षानुवर्षं तिथल्या तिथे. याला मोडी-२ (MODY, एकाच जनुकातून येणाऱ्या आनुवंशिक मधुमेहाचा एक प्रकार) म्हणतात. १९९२ साली हा संबंध उलगडला. बहुतेकांना औषध लागतच नाही, गरोदरपणाची गोष्ट वेगळी.

आई किंवा वडिलांचे जुने रिपोर्ट काढून बघा. तिथेही असेच आकडे दिसले, तर डॉक्टरांना जनुक-चाचणीचं विचारा. नाहीतर नेहमीच्या टाइप-२ मधुमेहाआधीची पायरीच (प्रीडायबेटिस) जास्त शक्य. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.