कंसातली साखर

प्रिय बेटा,

रविवारी तू आलीस, संत्रा बर्फीचा डबा ओट्यावर ठेवलास आणि निघताना चपला घालता घालता म्हणालीस, "मॅडम, बेबी फूडच्या कंपनीतून ऑफर आलीये, रेग्युलेटरीमध्ये, म्हणजे सरकारी नियम सांभाळणाऱ्या खात्यात. घेऊ का?" दारात उभ्या उभ्या उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता. म्हणून आज लिहायला बसले. नागपूरचं ऊन असं की कूलरसुद्धा गरम वाफाच फेकतोय. दुपारभर वेळच वेळ आहे.

नोकरी घे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचशील. बाबांची पेन्शन किती आणि घराचा हप्ता किती, मला ठाऊक आहे. शिवाय त्या खुर्चीत कोणीतरी बसणारच. तुला निदान तांदूळ-मुगाची पेज कशी शिजते ते तरी माहीत आहे.

पण पहिल्या आठवड्यातच तिथे एक वाक्य तुझ्या जिभेवर बसवतील: "आमचं उत्पादन कोडेक्सनुसार आहे." ते म्हणायला हरकत नाही. फक्त त्याच्या आत काय आहे ते बघून म्हण.

कोडेक्स अलिमेंटारियस आयोग म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था. १९६३ सालची, संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) यांनी मिळून काढलेली. त्याची मानकं म्हणजे तसं बघितलं तर शिफारशीच. पण १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि अन्नसुरक्षेच्या व्यापारी भांडणात कोडेक्सचा आकडा प्रमाण मानला जाऊ लागला. एखाद्या देशाला त्याहून कडक नियम करायचा असेल, तर त्याने शास्त्रीय कारण देण्याची तयारी ठेवायची. तेव्हापासून तिथला आकडा इतवारीच्या दुकानातल्या डब्यापर्यंत पोचतो.

आता वही घे. बाळांच्या तृणधान्य-आहाराचं कोडेक्स मानक आहे ते ७४ क्रमांकाचं, १९८१ चं. दुधात कालवून भरवायच्या पावडरीत वरून किती साखर चालेल, तर दर १०० किलोकॅलरीमागे ७.५ ग्रॅमपर्यंत. वाचताना किती बिचारा वाटतो हा आकडा! आता त्याला चारने गुण, कारण एक ग्रॅम साखर म्हणजे चार किलोकॅलरी. झाले ३०. शंभरातल्या ३० कॅलरी नुसत्या वरून घातलेल्या साखरेच्या, आणि तरी डबा नियमात. वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडायचे तेव्हा मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करायची. २००६ मध्ये थायलंडने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणा असा प्रस्ताव मांडला होता. तो मान्य झाला नाही.

का झाला नाही, हे शोधायचं तर आधी ती खोली कशी चालते ते कळायला हवं. पोषण आणि विशेष आहाराची कोडेक्स समिती जर्मनी भरवतं. मसुदा आठ पायऱ्या चढतो. जिथे एकमत नाही तो शब्द, तो आकडा चौकोनी कंसात ठेवतात. खरी ओढाताण त्या कंसातच चालते. मत फक्त देशांना. कंपन्यांच्या संघटना आणि आयबीफॅनसारख्या स्तनपानाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या संस्था निरीक्षक म्हणून बसतात, बोलू शकतात. पण देशाच्या शिष्टमंडळातही उद्योगातली माणसं असू शकतात, आणि असतात. शिवाय सभेच्या आधी महिनोन्महिने ईमेलवर कार्यगट चालतात. तिथे प्रत्येक मसुद्यावर उत्तर द्यायला पगारी माणूस कोणाकडे असतो, सांग बरं? गरीब देशाकडून एक थकलेला अधिकारी, तोच मासळीचंही बघणार आणि मसाल्यांचंही. लाच वगैरे शोधत बसू नकोस. बहुतेक वेळा जो शेवटपर्यंत बसून राहतो त्याचा शब्द कंसातून बाहेर येतो, एवढंच.

म्हणून अहवाल हातात आला की निष्कर्ष नंतर वाच. आधी पहिलं परिशिष्ट काढ. उपस्थितांची यादी. कोणत्या देशाच्या पाटीमागे कोण कोण बसलंय, ते कुठून आले आहेत, हे तिथे छापलेलं असतं. लग्नात आहेराची वही वाचावी तशी ती यादी वाच.

'फॉलो-अप' दुधाची, म्हणजे सहा महिन्यांनंतरच्या बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याच्या दुधाची, गोष्ट तर तुला तोंडपाठच हवी. १९८६ मध्ये डब्ल्यूएचओच्या जागतिक आरोग्य सभेने ठरावात लिहिलं की बाळांना अशी खास दुधं देण्याची गरज नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, कोडेक्सने त्याच दुधाचं मानक मंजूर केलं! गरज नाही म्हणून सांगितलेल्या वस्तूला घर मिळालं, नाव मिळालं, वयोगट मिळाला. त्याची उजळणी पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं. दरम्यान दुकानात एकाच रंगाचे, एकाच अस्वलाचे डबे लागले, वर आकडे १, २, ३, ४. जाहिरात मोठ्या आकड्याची करायची, आईच्या डोळ्यांपुढे सगळी रांगच येते.

आपल्याकडे निदान कायदा कडक आहे, आणि त्याचा आपल्या भागाशी नात्याचा धागा आहे. आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या विक्रीवर बंधनं घालणारी १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली, विरोधातलं एकुलतं मत अमेरिकेचं. त्यानंतर आपला कायदा १९९२ चा. पण स्तनपानाच्या बाजूने देशभर लढणारी बीपीएनआय ही संघटना त्याच्या आदल्या वर्षी उभी राहिली ती वर्ध्याला. इथून दीड तासावर. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची किंवा आहाराची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना, त्यांच्या संघटनांना पैसे किंवा भेटी देता येत नाहीत.

भेटींवरून आठवलं. कायदा यायच्या आधीची गोष्ट, मी एका सरकारी इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते. एका कंपनीच्या सेमिनारमध्ये जेवण झालं आणि सगळ्यांना एकेक तपकिरी रेक्झिनची बॅग मिळाली. वर कंपनीचं नाव आणि डब्याचं चित्र. चांगली मजबूत बॅग होती. मी ती वर्षानुवर्षं वापरली, वॉर्डातसुद्धा. एकदा एका बाळंतिणीला अर्धा तास समजावलं, अंगावरच पाज, वरचं काही नको. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हाच डब्बा आणाचा का जी?" मी घरी येऊन बॅग माळ्यावर टाकली. ती अजून तिथेच आहे. फेकवत नाही.

याचा अर्थ मानकं वाईट असा काढशील तर मी तुला नापास करीन. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलं गेलं, ६ बाळं दगावली, लाखोंवर आजारी पडली. त्यानंतर कोडेक्सने मेलामाइनची मर्यादा ठरवली. ज्या बाळाची आई नाही, किंवा आजारपणामुळे पाजू शकत नाही, त्याच्यासाठी तो डबा स्वच्छ आणि मोजून-मापून भरलेलाच हवा. हे काम तुझ्यासारखीनेच करायचं.

पण २०२४ विसरू नकोस. एप्रिलमध्ये पब्लिक आय ही स्विस संस्था आणि आयबीफॅन यांनी नेस्लेच्या सेरेलॅकची तपासणी प्रसिद्ध केली. भारतातल्या डब्यांत एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर, स्वित्झर्लंडमधल्या मुख्य प्रकारांत शून्य. नेस्लेचं म्हणणं, साखर आम्ही कमी करतच आलो आहोत आणि सगळं कोडेक्स व स्थानिक नियमांप्रमाणेच आहे. ते खोटं नव्हतं. आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियमही म्हणतो की सुक्रोज-फ्रुक्टोज घालू नये, पण कर्बोदकांचा स्रोत म्हणून गरज असेल तर एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांपर्यंत चालेल. 'गरज असेल तर' कोणाला, हे तिथे लिहिलेलं नाही. मग त्याच वर्षी कंपनीने रिफाइन्ड साखर नसलेले प्रकार आणत असल्याचं जाहीर केलं. साखर काढता येत होती तर.

तेव्हा कामावर रुजू झालीस की मसुद्यांचा एक फोल्डर उघड. एफएसएसएआय नवा मसुदा काढते तेव्हा हरकती-सूचना मागवते. कंपनीची हरकत तूच टाइप करशील. कर. पण ती टाइप करताना शेजारच्या कागदावर ते चारने गुणायचं गणितही कर, आणि साहेबांपुढे दोन्ही कागद ठेव. पहिल्यांदा हसतील. मला वाटतं तिसऱ्यांदा विचारतील, हा आकडा आणला कुठून.

येत्या रविवारी रुजू व्हायच्या आधी एक चक्कर टाक. येताना मेडिकल चौकातल्या दुकानातून कोणताही एक डबा आण, पक्कं बिल घेऊन. माझं भिंग टेबलावर काढून ठेवते, तो बारीक मजकूर तुझ्या तरण्या डोळ्यांनाही दिसायचा नाही. बर्फी मात्र आणू नकोस, आधीचीच संपलेली नाही.

तुझी
मॅडम