सायटोकाइनवर काम सुरू करताय? आधी हे बघा

सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं. 'चांगले' आणि 'वाईट' सायटोकाइन अशी यादी करायला बसू नका. स्तनाच्या कर्करोगात ती टिकत नाही. टीजीएफ-बीटा हा सायटोकाइनच घ्या: सुरुवातीच्या टप्प्यात तो पेशींची वाढ रोखतो, पुढे त्याच पेशींना पसरायला मदत करतो आणि टी-पेशींना (कर्करोगाशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) दाबतो. इंटरफेरॉन-गॅमा टी-पेशींचं हत्यार खरं, पण त्याच्याच इशाऱ्यावर गाठीतल्या पेशी पीडी-एल१ या टी-पेशींना थोपवणाऱ्या प्रथिनाची ढाल उभी करतात. म्हणून प्रत्येक वेळी विचारा: रेणू कोणी सोडला, कोणी ऐकला, कोणत्या टप्प्यावर?

आयएल-६ (इंटरल्युकिन-६) या सायटोकाइनपासून सुरुवात करा. तो जॅक-स्टॅट३ मार्ग (पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनांची साखळी) चालू करतो, तो मार्ग नीट समजला की बरंच उलगडतं. पेशी निवडताना मात्र भान ठेवा. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींपैकी एमडीए-एमबी-२३१ भरपूर आयएल-६ सोडतात, एमसीएफ-७ जेमतेम. एकीवरचा निष्कर्ष दुसरीवर लादू नका.

केमोकाइनबद्दलही (पेशींना कुठे जायचं ते सांगणाऱ्या सायटोकाइनबद्दल) वाचा. सीएक्ससीएल१२ आणि त्याचा ग्राही (पेशीवरचा रिसेप्टर) सीएक्ससीआर४ यांचा स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी असलेला संबंध २००१ साली पुढे आला. तो शोधनिबंध आजही वाचनीय आहे.

आता कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. टीजीएफ-बीटा मोजायचा असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाळा. रक्त गोठताना प्लेटलेट्स तो भरभरून सोडतात, आणि तुम्ही गाठीऐवजी प्लेटलेट्सच मोजत बसता. प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या, तोही प्लेटलेट्स नीट काढून. शिवाय रक्तातला आकडा म्हणजे गाठीतली स्थिती नव्हे. साधा सर्दी-तापही आयएल-६ वाढवतो, तेव्हा नमुन्यासोबत रुग्णाची ती माहिती नोंदवून घ्याच.